आभासी प्रेक्षागृह आणि ‘सामाजिक’ : मेडशीतील एका चित्रपट-वाचनाच्या निमित्ताने

प्रस्तावना :

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्रपट पाहण्याच्या रीतीत जे बदल झाले, त्यांची चर्चा आपल्याकडे मुख्यतः दोन अंगांनी होते. एक, गावोगावची चित्रपटगृहे ओस पडली. आणि दोन, मोबाइलच्या रूपाने ज्याच्या त्याच्या हाती स्वतंत्र पडदा आला. दोन्ही विधानांत तथ्य आहे. तथापि याच काळात उलट दिशेने जाऊ पाहणारा एक तिसरा प्रकारही रुजतो आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवावयाचा, संगणकाने रचलेल्या एका प्रेक्षागृहात प्रवेश करावयाचा, दूरदूरच्या शहरांतून तेथे ‘आलेल्या’ मित्रांच्या शेजारी बसावयाचे आणि सर्वांनी मिळून एकच चित्रपट पाहावयाचा, असा हा प्रकार आहे. प्रेक्षागृह खोटे, खुर्ची खोटी, शेजारच्या मित्राची आकृती बाहुलीसारखी. मात्र त्याचा आवाज खरा, हसणे खरे आणि समोरचा चित्रपट सर्वांना त्याच क्षणी दिसणारा. आभासी वास्तवाच्या तंत्राचा हा सामूहिक वापर कलानुभव म्हणून कितपत सकस आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय महानगरी वाटण्याचा संभव आहे. मलाही तो तसाच वाटत होता. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी या गावी, एका विद्यार्थ्याच्या घरी, गतवर्षी एका शनिवारी रात्री हा प्रकार प्रत्यक्ष पाहण्यात आला नसता तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. मेडशी हे अकोला-वाशीम मार्गावरील गाव. हा मार्ग आता १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि त्याच्या चौपदरीकरणाचे जे टप्पे पाडले गेले, त्यांतील एक अकोला ते मेडशी व दुसरा मेडशी ते वाशीम असा होता. हाच रस्ता पुढे तेलंगणात हैदराबादजवळच्या संगारेड्डीपर्यंत जातो. गावातील मुले या रस्त्याने बाहेर पडली. त्या घरचा थोरला मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, त्याचा एक वर्गमित्र नाशिकला तर दुसरा, शेजारच्याच गल्लीतला, हैदराबादला. धाकटा माझा विद्यार्थी. तो घरीच असतो. या चौघांची शनिवारची भेट आता आभासी प्रेक्षागृहात होते. थोरल्याने आपला जुना हेडसेट धाकट्याला पाठविला, तेव्हापासून हा परिपाठ सुरू झाला.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. मी तंत्रज्ञानाचा अभ्यासक नाही. मराठीचा शिक्षक आहे. या प्रकाराकडे पाहण्यासाठी माझ्यापाशी जी साधने आहेत ती एम.फिल.च्या काळात हाताळलेल्या नाट्यशास्त्राची आहेत. ती जुनी आहेत, पण या कामी मला ती अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

‘सामाजिक’ ही संज्ञा :

संस्कृत साहित्यशास्त्रात नाट्य पाहणाऱ्यास ‘प्रेक्षक’ हा शब्द आहेच. परंतु रसचर्चेत त्याच्यासाठी वारंवार येणारा शब्द ‘सामाजिक’ असा आहे. समाजात, म्हणजे नाट्यासाठी जमलेल्या मंडळीत, बसलेला तो सामाजिक. आज ‘सामाजिक’ म्हटले की आपल्यासमोर सुधारणा, प्रश्न, बांधिलकी असे अर्थ उभे राहतात; मूळ संज्ञेत मात्र नाटक पाहणे हीच समाजात बसण्याची कृती मानलेली आहे. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त याचा अधिक खोल विचार केला. जमलेल्या सर्व सामाजिकांची प्रतीती जेव्हा एकवटते, घन होते, तेव्हा रसाचा परिपोष अधिक होतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे शेजारच्याचे तल्लीन होणे ही माझ्या तल्लीनतेची केवळ सोबत नाही. तिचे ते एक कारण आहे. मराठी वाचकांपर्यंत ही चर्चा पोहोचविण्याचे मोठे श्रेय आपल्या विदर्भातील ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ या ग्रंथाकडे जाते. त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला होता.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांचीही गणना केली आहे. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे. यावर उपाय म्हणून तो गायन-वादन आणि विविध रूपांनी सजविलेला मंडप यांचा उल्लेख करतो. त्यांच्या योगाने अरसिकाचेही मन निर्मळ होऊन तो सहृदय बनतो. म्हणजे मंडपाकडे येथे केवळ निवारा म्हणून पाहिलेले नाही. घरची चिंता घेऊन आलेल्या माणसाला ती विसरावयास लावणारे ते साधन आहे. आभासी प्रेक्षागृहाच्या रचनाकारांनी अभिनवगुप्त वाचला असण्याची शक्यता नाही, परंतु त्यांनी नेमके मंडपालाच महत्त्व दिले. २०१६ पासून उपलब्ध असलेल्या ‘बिगस्क्रीन’ या उपयोजनात आपण पाहतो तो चित्रपट प्रत्यक्षात कुणाच्या तरी संगणकावरील साधा, सपाट चित्रपटच असतो. तो मोबाइलवरही पाहता आला असता. जे नवे आहे ते त्याच्याभोवतीचे: काळोख, उतरत्या रांगा, भला मोठा पडदा आणि त्या पडद्यावरील दृश्याचा रंग बदलला की भिंतींवर पडणारा उजेडही बदलणे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र अशा तीन आकारांची प्रेक्षागृहे सांगितली आहेत. येथे चौथे सापडले, ज्याला आकार आहे पण जागा नाही.

पेटी, पडदा आणि पुन्हा पेटी :

या प्रकाराचे नावीन्य समजून घेण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. चलच्चित्राचा जन्म पडद्यावर झालेला नाही; तो पेटीत झाला. एप्रिल १८९४ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनच्या ‘कायनेटोस्कोप’ची जी पहिली शाळा उघडली (शाळा म्हणजे येथे दुकानच), तीत दहा यंत्रे मांडलेली होती आणि प्रत्येक यंत्राच्या भोकाला डोळा लावून एका वेळी एकच माणूस चित्र पाहू शकत असे. पुढल्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तेच चलच्चित्र पडद्यावर टाकले व अनेकांना एकदम दाखविले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रांचा खेळ झाला तोही याच पडद्याचा. पेटी हरली आणि पडदा जिंकला. याचे आर्थिक कारण उघड आहे: एका यंत्रावर एक गिऱ्हाईक आणि एका यंत्रावर शंभर गिऱ्हाईके यांत व्यापारी काय निवडणार? परंतु महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पडदा रुजण्याची जमीन आधीच तयार होती. कल्याणच्या पटवर्धन पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवरील रंगीत चित्रांतून कथा दाखविणारी ‘शांबरिक खरोलिका’ गावोगाव नेली होती; त्यापूर्वीही कीर्तन आणि चित्रकथी यांनी अंधारात एका उजेडाभोवती बसून कथा ऐकण्या-पाहण्याची सवय लोकांना लावलेलीच होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांपुढे चित्रपट नवा होता. मंडळीत बसणे नवे नव्हते.

आभासी वास्तवाच्या तंत्राने पेटी परत आणली. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसणारे पहिले संगणकीय दृश्ययंत्र तयार केले; ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. २०१२ मध्ये ‘ऑक्युलस’ या नव्या कंपनीने हलका व परवडणारा हेडसेट बनविण्यासाठी लोकवर्गणी गोळा केली आणि २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलर देऊन ती कंपनी विकत घेतली. तंत्राचे मर्म तसे सोपे आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी दोन चित्रे दाखविली की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो. आणि मान वळेल तसे चित्रही तत्क्षणी वळविले की आपण त्या जागेत ‘आहोत’ असा भास पक्का होतो. आपल्याकडे याची स्वस्त आवृत्ती २०२३ च्या आयपीएल हंगामात ‘जिओडाइव्ह’ या नावाने १,२९९ रुपयांस विक्रीला आली. डब्यात मोबाइल बसवून क्रिकेटचा सामना भव्य पडद्यावर पाहिल्याचा अनुभव देण्याचे तिचे आश्वासन होते. ती निव्वळ पेटी होती. जत्रेतील बायोस्कोपवाल्याच्या पेटीला निदान तीन-चार भोके तरी असत आणि ती बघणाऱ्या पोरांची डोकी एकमेकांवर आपटत.

मेडशीत मी पाहिला तो प्रकार मात्र यापेक्षा गुंतागुंतीचा होता. त्यात पेटी आहे, परंतु पेटीच्या आत पडदा बांधलेला आहे आणि त्या पडद्यासमोर मंडळी बसविलेली आहे. एडिसनच्या खोक्यात ल्युमिएरचे सभागृह असे त्याचे वर्णन करता येईल. एकट्याने पाहण्याच्या यंत्रात माणसाला एकटेपणाच सोसवला नाही आणि त्याने तेथेही शेजारी निर्माण केला, ही गोष्ट ‘सामाजिक’ या संज्ञेच्या बाजूने जाणारी साक्ष आहे, असे मला वाटते. आता प्रश्न उरतो तो या शेजाऱ्याच्या प्रतीचा.

सिद्धीची परीक्षा :

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी, याचे विवेचन आहे. मानुषी सिद्धीचे भरताने दोन भाग केले: वाङ्मयी व शारीरी. प्रेक्षकांचे स्मित, मोठे हसणे, ‘वाहवा’, ‘अरेरे’ असे उद्गार ही वाङ्मयी सिद्धी. अंगावर रोमांच उठणे, जागेवरून उभे राहणे, वस्त्र अथवा अंगठी नटाकडे फेकणे ही शारीरी. प्रेक्षकाच्या देहावर आणि जिभेवर प्रयोगाचे यश वाचणारी ही दृष्टी मला अत्यंत आधुनिक वाटते, आणि आभासी प्रेक्षागृहाला हीच फूटपट्टी लावून पाहणे उद्बोधक ठरते.

वाङ्मयी सिद्धी येथे जवळजवळ पूर्णपणे पोहोचते. त्या शनिवारी चौघे मिळून १९८८ चा, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ पाहत होते. धाकट्याने काही वेळ हेडसेट माझ्या डोक्यावर चढविला. डावीकडे बसलेला नाशिकचा मित्र हसला तर आवाज डावीकडूनच येत होता. मागच्या रांगेतून कोणी कुजबुजले तर मान आपसूक मागे वळत होती. संवाद चौघांनाही तोंडपाठ. पडद्यावरील नट बोलण्याआधीच एक जण वाक्य म्हणून टाकी, दुसरा त्याला वऱ्हाडीत जोड देई, तिसरा हसता हसता खोकू लागे. हे फोनवरच्या बोलण्यासारखे नव्हते. फोनवर माणसे आळीपाळीने बोलतात. येथे ती एकदम बोलत होती, एकमेकांचे बोलणे अर्ध्यावर उचलीत होती आणि कोणी काहीच बोलले नाही तरी ती तेथे आहेत हे कळत होते. एकत्र गप्प बसता येणे ही मैत्रीची मोठी खूण होय. ती या प्रकारात शक्य आहे, हे मला मान्य केलेच पाहिजे.

चित्रपटाच्या निवडीतही एक अर्थ दडलेला आहे. पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघांना बायकांचे सोंग घ्यावे लागते, ही त्या चित्रपटाची कथा. गावातून शहरात गेलेल्या, आणि येथे खोट्या देहांच्या बाहुल्या पांघरून एकत्र बसलेल्या, चौघांना तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटावा यात नवल नाही. (हे माझे निरीक्षण मी त्यांना सांगितले, तेव्हा पुण्याचा म्हणाला की सर, आम्ही तो फक्त हसायसाठी लावतो. तेही खरेच.) परंतु मुद्दा याहून व्यापक आहे. धाकट्याच्या सांगण्यानुसार त्यांनी दोन-तीनदा नवे चित्रपट लावून पाहिले आणि ते जमले नाही. कथा कळावी म्हणून सर्वांना गप्प राहावे लागे आणि गप्पच राहावयाचे तर मग भेटलो कशाला, असे होई. म्हणजे आभासी प्रेक्षागृह ही माहीत असलेल्या कथेची जागा आहे. रामकथा माहीत असणारेच कीर्तनाला जातात, त्या जातीचे हे पाहणे आहे. चित्रपट येथे निमित्त आहे आणि मंडळी हा हेतू. नवी कलाकृती मन लावून पाहण्यासाठी हे स्थळ मला दुबळे वाटते. जुनी कलाकृती एकमेकांच्या साक्षीने पुन्हा जगण्यासाठी ते सशक्त आहे.

शारीरी सिद्धीकडे वळलो की चित्र पालटते. बाहुलीला हात आहेत, मान आहे, रोमांच नाहीत. हेडसेटने मुख्यतः चेहराच झाकलेला असल्यामुळे डोळ्यांत आलेले पाणी बाहुलीपर्यंत जाण्यास वाट नाही. आपल्याकडे प्रेक्षकाच्या चेहऱ्याला किती अर्थ असतो, हे अमित मधेशिया यांच्या छायाचित्रांवरून कळते. महाराष्ट्राच्या जत्रांतील तंबू-सिनेमा पाहणाऱ्या लोकांचे केवळ चेहरे त्यांनी टिपले; पडदा छायाचित्रात नाहीच. त्या मालिकेला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. त्यांनी व शर्ली अब्राहम यांनी याच फिरत्या सिनेमांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरविला गेला. चित्रपटाचा उजेड अंगावर घेऊन बसलेले ते चेहरे पाहताना चित्रपट कोणता असेल हा प्रश्नही मनात येत नाही. आभासी प्रेक्षागृहात असे छायाचित्र काढावयाचे ठरविले तर काय मिळेल? बाहुल्या मिळतील, आणि त्यांच्या मुद्रेवर हसू असेल ते कोणीतरी आधीच काढून ठेवलेले.

भरताने प्रयोगात येणाऱ्या ‘घातां’चीही यादी दिली आहे, त्यात वारा, आग, पाऊस, मुंग्या, सापसुद्धा आहेत. त्या यादीत आता भर घालावी लागेल. हेडसेटची बॅटरी साधारण दोन-अडीच तास टिकते आणि आपले चित्रपट तेवढ्यात संपतातच असे नाही. मेडशीत त्या रात्री मध्यंतराच्या सुमारास वीज गेली, वायफाय बंद पडले आणि धाकटा प्रेक्षागृहातून अक्षरशः नाहीसा झाला. तंबूत वीज गेली तर सर्वांचीच जात असे आणि शिट्ट्यांचा गजर होई. येथे उरलेले तिघे चित्रपट पाहतच राहिले.

तंबूतील दोरी :

येथवर वाचून कोणास वाटेल की प्रस्तुत लेखकास तंबूचे दिवस परत हवे आहेत. तसे नाही. तंबूच्या आठवणी काढताना आपण बहुधा पुरुषांच्या आठवणी काढतो. तंबूत बायकांची आणि पुरुषांची बसण्याची बाजू वेगळी असे. मध्ये दोरी अथवा कनात. खेळ रात्रीचा, परतीची वाट अंधाराची, आणि गावातील कोणती वस्ती कुठे बसेल याचे संकेत न सांगता पाळले जात. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा एका दूरचित्रवाणी संचापुढे अख्खी गल्ली जमे असे कौतुकाने सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु घरात कोण आले आणि दाराबाहेर उभे राहून कोणी पाहिले, हेही त्याच कौतुकात सांगितले पाहिजे. अभिनवगुप्ताच्या ‘एकघन’ प्रतीतीला जातीची आणि लिंगाची दोरी कधीच आडवी आली नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

वर्गात या विषयावर बोलत असताना एका विद्यार्थिनीने सांगितले की रात्रीचा शेवटचा खेळ तिने आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. अकोला येथून दीड-दोन तासांवर आहे, पण प्रश्न अंतराचा नव्हता. आभासी प्रेक्षागृहात तिला कोणी अडविणार नाही. तेथे ती बाहुली होऊन जाईल, हव्या त्या रांगेत बसेल, मोठ्याने हसेल. हा लाभ लहान नाही. मात्र दोरी तेथेही पोहोचली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मेटाने (फेसबुकचे हे नवे नाव) अमेरिका व कॅनडात ‘होरायझन वर्ल्ड्स’ हे आभासी जग सर्व प्रौढांसाठी खुले केले आणि तेथील बाहुल्यांच्या अंगचटीला येण्याच्या, छळाच्या तक्रारी लगोलग सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने प्रत्येक बाहुलीभोवती जवळजवळ चार फुटांची अदृश्य सीमा आखून दिली. कोणासही त्या आत येता येईना. देह नसलेल्या जगातही स्त्रीच्या देहाभोवती कुंपण घालण्याची वेळ यावी, ही गोष्ट तंत्राच्या इतिहासापेक्षा माणसाच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

या दोन दोऱ्यांत फरक आहे आणि तो दोन्ही बाजूंनी तोलला पाहिजे. तंबूतील दोरी गावाने बांधलेली होती, स्त्रीला न विचारता. आभासी सीमा ज्याची त्याने वापरावयाची सोय आहे. तीत स्त्रीच्या इच्छेला जागा आहे. पण तिच्याच जोडीला आवाज बंद करण्याची, नको असलेल्याला काढून टाकण्याची, फक्त निवडक मित्रांनाच दार उघडण्याची सोय येते. तंबूत शेजारी कोण बसेल हे आपल्या हाती नव्हते. तेथे घामाचा वास होता, रडणारे मूल होते, चुकीच्या जागी हसणारा आगंतुक होता. नाट्यशास्त्राने आदर्श प्रेक्षकाचे पुष्कळ गुण सांगून अखेरीस मान्य केले की ते सारे एका माणसात मिळत नाहीत. वयाने, वृत्तीने, शिक्षणाने प्रेक्षक वेगवेगळेच असणार. समाज म्हणजे ही सरमिसळ. मेडशीच्या चौघांचे प्रेक्षागृह मात्र चौघांचेच आहे. त्यांच्या मैत्रीला ते पुरेसे आहे. ‘सामाजिक’ या शब्दाला ते अपुरे पडते.

आणखी एक गोष्ट. तंबूवाला आपल्याकडून तिकीट घेई आणि आपण कुठे पाहत होतो ते त्यास कळत नसे. हेडसेटला मान कधी वळली, हात कुठे गेला हे कळावेच लागते, अन्यथा ते चालणारच नाही; २०२२ मधील एका महागड्या मेटा-हेडसेटमध्ये तर डोळ्यांची हालचाल टिपण्याचीही व्यवस्था होती. ज्या मंडपात मंडपाचा मालक प्रेक्षकाची नजर मोजू शकतो, तेथे स्वतःला विसरणे कितपत निर्धास्त असेल? शिवाय हे मालक मंडप केव्हाही उतरवितात. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलेले ‘अल्टस्पेस’ हे आभासी भेटींचे स्थळ मार्च २०२३ मध्ये बंद करण्यात आले. आपल्याकडे टॉकीज पडली तरी चौकाला तिचे नाव वर्षानुवर्षे राहते. रिक्षावाला त्याच नावाने उतरवितो. बंद झालेल्या आभासी प्रेक्षागृहाच्या नावाने कोण कोठे उतरणार?

मेडशीतील शनिवार :

मला सर्वांत अधिक खटकली ती गोष्ट मात्र याहून साधी आहे. तंबूत एक यंत्र पाचशे माणसांना पुरत असे. येथे डोळ्यांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र यंत्र लागते, आणि बरा नवा हेडसेट तीस हजार रुपयांच्या पुढेच असतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे तो भाव पुरता हाती आला असे धरले तरी एका माणसाच्या सिनेमासाठी सहा क्विंटलांच्या आसपास सोयाबीन. या हिशेबाचा परिणाम असा की हेडसेट घरात एकच येतो. तो ज्याच्या डोक्यावर, त्याला पुणे, नाशिक, हैदराबाद जवळ. आणि त्याच खोलीत चार हातांवर बसलेले माणूस दूर.

त्या खोलीत त्याची आई बसली होती. शेंगा फोडीत होती. मुलगा कधी डावीकडे मान वळवून हसे, कधी हवेत हात करून कोणाला तरी टाळी देई. ती त्याच्याकडे पाही आणि पुन्हा शेंगांकडे. मी विचारले, काकू, तुम्हाला काय दिसतं? त्या म्हणाल्या, “मले त त्याचं निरं तोंड हासतानी दिसते, सर. सिनेमा कुठी हाये?” या प्रश्नाचे उत्तर माझ्या साहित्यशास्त्रात नाही. ज्या घरात ‘रामायणा’च्या वेळी गल्ली मावली होती असे त्याच बाईंनी मला सांगितले, त्या घरात आज सिनेमा चालू असताना घरचेच माणूस बाहेर होते. आभासी प्रेक्षागृहाचे मूल्यमापन आपण आत बसलेल्यांच्या अनुभवावरून करतो. त्याच्या उंबरठ्याबाहेर, पण त्याच छपराखाली राहिलेल्यांचा अनुभवही त्या कलारूपाचाच भाग मानावा लागेल. मधेशियांच्या छायाचित्रांत पडदा दिसत नव्हता आणि चेहऱ्यांवरून चित्रपट कळत होता. येथे आईला चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग दिसत होता आणि त्यावरून काहीच कळत नव्हते.

वीज परत आल्यावर धाकट्याने एक उपाय केला. हेडसेटमध्ये दिसणारे दृश्य त्याने भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचावर लावले. तंत्रदृष्ट्या तो उपाय सदोष आहे, कारण पडद्यावर दिसते ते त्याच्या डोळ्यांनी. त्याने मान हलविली की सारे प्रेक्षागृह हेलकावते. पाच मिनिटांतच काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि चक्कर येते म्हणाल्या. परंतु तेवढ्या वेळात त्यांनी रांगेतल्या बाहुल्या पाहिल्या होत्या आणि संचातून येणारे आवाज ओळखले होते. त्या लालसर बाहुलीकडे बोट दाखवून त्यांनी हैदराबादच्या मुलाचे नाव घेतले आणि चित्रपट चालू असतानाच मोठ्याने विचारले, “काय रे, जेवला का? कवा येतं गावाले?”

धाकट्याच्या हेडसेटने तो प्रश्न उचलला असावा. बाहुली वळली. पडद्यावर ‘बनवाबनवी’ चालूच होता, संचातून उत्तर आले, “जेवलो काकू. पोळ्याले येतो.”